थांबामिस्त्रींचा ओळंबा

एवढा भित्रा माणूस लिफ्टच्या धंद्यात टिकला कसा, असं लोक विचारायचे. थांबामिस्त्रींचं उत्तर ठरलेलं होतं: "भित्रा होतो म्हणून टिकलो. शूर होते ते केव्हाच खाली पोचले." हे ते हसून सांगत, पण त्यात थट्टा फारशी नव्हती. एकतीस वर्षं ते इमारतींच्या पोटातल्या त्या उभ्या, अंधाऱ्या, चौकोनी विहिरीत काम करत होते. धंद्यात तिला शाफ्ट म्हणतात. एकतीस वर्षांत अशी एकही सकाळ गेली नाही, की पहिल्या फळीवर पाय ठेवताना त्यांना भीती वाटली नाही. बेल्टचा आकडा ते तीनदा ओढून बघत. पाना, पक्कड, हातोडी, जे जे हातातून सुटू शकतं ते ते दोरीने मनगटाला बांधत. तरुण कामगार पाठीमागे म्हणत, म्हाताऱ्याच्या अंगावर वाळत घातलेले कपडे तेवढे नाहीत. मिस्त्रींना ते ऐकू येई आणि ते अजून एक गाठ मारत.

"थांबा" हे नाव त्यांना तारेवरून पडलं होतं. लिफ्ट वर-खाली जाते ती दोन लोखंडी रुळांना धरून, आणि ते रूळ पायापासून गच्चीपर्यंत अगदी उभे हवेत. अकरा मजल्यांत बोटभर चूक झाली तर लिफ्ट जन्मभर कुंथत चालते. म्हणून सगळ्यात वर एक लाकडी चौकट पक्की करायची, तिच्यावरून दोन बारीक पोलादी तारा थेट तळाच्या खड्ड्यात सोडायच्या, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला आठ-दहा किलोचं वजन बांधायचं. गवंड्याचा ओळंबा तो हाच, फक्त अकरा मजले लांब. तार तासन् तास झुलत राहते. तिला लवकर थांबवायचं तर खालचं वजन वापरलेल्या तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायचं. मग वाट बघायची. वरिष्ठ घाई करत, इलेक्ट्रिशियन घाई करत, आणि मिस्त्री एका उलट्या डब्यावर बसून म्हणत, "थांबा. तार थांबली की सांगतो."

त्यांच्या कामाचे दोनच नियम होते. तारेला कोणी हात लावायचा नाही, आणि डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. "डोळा लाच खातो," ते म्हणत. "तारेला बायकापोरं नाहीत, ती खोटं कशाला बोलेल?"

तर अशा माणसाचं डोकं फिरायला लागलं.

पहिल्यांदा झालं ते पहाटे उठताना. उजव्या कुशीवर वळले आणि खोली सुटली. कपाट, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं एका बाजूला पळायला लागलं. मिस्त्रींनी गादी दोन्ही हातांनी घट्ट धरली. जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल, मग खोली जागेवर आली. शेजारी बायको गाढ झोपली होती. ते आढ्याकडे बघत पडून राहिले, अंगाला दरदरून घाम सुटला होता, आणि मनात एकच शब्द होता: दादा.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. त्यालाही असंच एका सकाळी गरगरलं होतं. पित्त असेल म्हणून त्याने दोन दिवस काढले, अशक्तपणा असेल म्हणून दोन आठवडे काढले, आणि डॉक्टरने डोक्याचा फोटो काढला तेव्हा आत लिंबाएवढी गाठ निघाली. चार महिन्यांत खेळ आटोपला. शेवटी दादाला समोर बसलेला माणूस ओळखू येत नव्हता. मिस्त्री तेव्हा रोज त्याच्या उशाशी बसत, आणि दादा त्यांना "साहेब" म्हणून हाक मारी.

एखाद्याने म्हणावं, मग त्याच दिवशी डॉक्टरकडे का गेले नाहीत? सोपं आहे बोलायला. ज्याला उंचीची भीती वाटते तो बेल्ट लावतो. पण ज्याला निकालाची भीती वाटते त्याच्यासाठी अजून कोणी बेल्ट काढलेला नाही. मिस्त्रींचा हिशेब असा, की जोवर फोटो काढला नाही तोवर गाठ नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी बायकोला सांगितलं नाही, कंपनीत सांगितलं नाही, आणि मेहुण्याला तर मुळीच सांगितलं नाही. मेहुणा त्यांच्या खाली काम करत होता. खाली म्हणजे हुद्द्याने नव्हे. खरोखरच खाली, खड्ड्यात, तारेच्या दुसऱ्या टोकाशी.

मेहुण्याला सगळे शिट्टी म्हणत. पस्तिशीचा गडी, अजून बिनलग्नाचा, तोंडात कायम कसली तरी धून. आठ वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच त्याला धंद्यात आणला होता. वर मिस्त्री तारेपासून अंतर मोजून रूळ अडकवायचे लोखंडी ब्रॅकेट भिंतीला ठोकत, खाली शिट्टी वजन स्थिर आहे ना ते बघे आणि आकडे पडताळून घेई. त्याची शिट्टी वर ऐकू आली की मिस्त्रींना बरं वाटे. "दाजी म्हणाले म्हणजे झालं," असं तो लोकांना सांगायचा. त्याचा तो विश्वास हल्ली मिस्त्रींच्या छातीवर दगडासारखा बसला होता.

गरगरणं वाढत गेलं. मान वर केली की यायचं, कुशीवर वळलं की यायचं. मधल्या वेळात काही नसे, फक्त सगळं किंचित कललेलं आहे असा भास होई. जिना कललेला, पेल्यातलं पाणी कललेलं, रस्त्यावरचे दिव्याचे खांब कललेले. आठवड्याने एका संध्याकाळी ते कामावरून लवकर घरी आले. बायको शिलाईच्या कारखान्यात होती, सातशिवाय येणार नव्हती. घरात कोणी नव्हतं. मिस्त्री मधल्या दाराशी उभे राहिले, आणि त्यांना वाटलं, चौकट डावीकडे झुकली आहे.

त्यांनी पिशवीतून छोटा पितळी ओळंबा काढला, चौकटीच्या वरच्या पट्टीत खिळा मारला आणि दोरी सोडली. तो थांबेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले. ओळंबा थांबला. वर चौकटीपासून दोन बोटं, खाली चौकटीपासून दोन बोटं. चौकट सरळ होती. भिंत सरळ होती. घर सरळ होतं. म्हणजे बिघाड कुठे होता हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

"हे काय, जावईबापू? आता घरातही लिफ्ट बसवताय का?"

मागे सासूबाई उभ्या होत्या. सासूबाई आणि शिट्टी समोरच्याच दोन खोल्यांत राहत, आणि संध्याकाळी त्या लेकीकडे चक्कर मारत. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूमिती शिकवली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी पेठेत त्यांना सगळे बाईच म्हणत, आणि पन्नाशीचे गृहस्थसुद्धा त्यांना बघून शर्टाचं वरचं बटण लावत.

"दार घासतंय, आई," मिस्त्री म्हणाले. "चौकट बघत होतो."

"कालपर्यंत तर गुण्यागोविंदाने लागत होतं." त्या खुर्ची ओढून दाराशीच बसल्या आणि ओळंब्याकडे बघत राहिल्या. "गंमत सांगू? अर्धं आयुष्य मी फळ्यावर लंब काढला. आडवी रेघ, तिच्यावर उभी रेघ, कोपऱ्यात छोटा चौकोन. नव्वद अंश, संपलं. एकदा एका मुलीने विचारलं, बाई, याला लंब का म्हणायचं? लंब म्हणजे लांब ना? हा तर पायाच्या रेघेपेक्षा आखूड आहे. मला उत्तर येईना. बाईला उत्तर येत नाही म्हणजे काय नामुष्की. घरी येऊन शब्दकोश काढला."

"काय निघालं?" मिस्त्रींना विषय दाराच्या चौकटीपासून लांब गेलेला हवाच होता.

"लंब म्हणजे लोंबणारा. वरून सोडलेला. बास. काटकोन नाही, अंश नाही, काही नाही. जुने गणिती त्रिकोणाच्या उंचीला लंब म्हणायचे, अवलंबकही म्हणायचे. म्हणजे शेंड्यावरून दोरी सोडा, पायाला टेकली की तेवढी उंची. तुमचा हा ओळंबा त्याच अवलंबाचा वंशज. पुढे भूमितीवाल्यांनी त्याला कागदावर आडवा केला, तिरका केला, आणि दुसऱ्या रेघेशी काटकोन केला की झाला लंब, असं ठरवलं. पण लोकांच्या तोंडात तो अजून लोंबतोच आहे. लोंबकळणं म्हणा, लांब म्हणा, घड्याळाचा लंबक म्हणा. एकाच्या आधाराने दुसरा लटकला की आपण म्हणतो, अवलंबून आहे. मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं, बाळ, हा शब्द आमच्या वहीत येण्याआधी गवंड्याच्या हातात होता."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. "लटकवल्याशिवाय सरळ काय ते कळत नाही."

"विलंबसुद्धा त्यातलाच," सासूबाई म्हणाल्या. "मागे लोंबत राहणं. आपण एखादी गोष्ट लांबणीवर टाकतो ना, तीही त्याच खुंटीला."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. शाळेत त्या असं करायच्या तेव्हा वर्गाचं धाबं दणाणायचं, हे मिस्त्रींनी पेठेतल्या चार जणांकडून ऐकलेलं होतं.

"जावईबापू, माझा लेक तुमच्या खाली काम करतो. एकच विचारते. तुमचं डोकं फिरतंय का?"

"नाही, आई," मिस्त्री म्हणाले. उत्तर इतकं पटकन आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "झोप नीट होत नाहीये, एवढंच."

सासूबाई उठल्या, "झोपा मग आज लवकर," म्हणाल्या आणि समोर गेल्या. मिस्त्रींनी ओळंबा उतरवला. खिळा काढायला वर बघितलं तेव्हा चौकट पुन्हा पळाली, आणि त्यांनी ती धरून ठेवली, थांबेपर्यंत.

त्यांनी मनाशी ठरवलं, एवढी इमारत संपू दे. दोन आठवड्यांचं काम राहिलंय. मग जाऊ डॉक्टरकडे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तो रोज कामावर बरोबर येतो हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवव्या मजल्यावर, शाफ्टमधल्या परांचीच्या फळ्यांवर उभे होते. समोर दोन तारा होत्या, रात्रभर लटकून शांत झालेल्या. आणि मिस्त्रींना दिसलं, की डावी तार तिरकी आहे.

त्यांनी डोळे मिटले, उघडले. तार तिरकीच. वरून येताना ठीक, मग खाली जाता जाता डावीकडे सरकलेली. असं एकाच कारणाने होतं: तार मध्ये कुठेतरी टेकली आहे. आणि टेकायला जागाही एकच होती. पाचव्या मजल्यावर शाफ्टच्या आडवा एक जाड फळ्यांचा माळा घातलेला होता. वरून काही निसटलं तर ते खड्ड्यातल्या माणसाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. तारांसाठी त्याला मुठीएवढी दोन भोकं ठेवलेली होती. तो माळा मिस्त्रींनी स्वतः घातला होता, आणि दुप्पट जाडीचा घातला होता.

"शिट्टी," त्यांनी खाली हाक मारली, "पाचव्यावर जाऊन बघ. डावी तार माळ्याला टेकलीय."

शिट्टी जिन्याने पाचव्यावर गेला, दारातून आत वाकला आणि भोकातून तारेभोवती कागदाची पट्टी फिरवली. कागद कुठेही अडला नाही. "कुठे टेकत नाही, दाजी. चारी बाजूंनी मोकळी आहे."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. परत बघतो." त्याने परत बघितलं. "मोकळी आहे."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मिस्त्री म्हणाले असते, मग माझ्या डोळ्याची चूक. एकतीस वर्षं ते हेच तर शिकवत आले होते. पण आज डोळ्याची चूक म्हणजे डोक्याची चूक, आणि डोक्याची चूक म्हणजे दादा. त्यापेक्षा तार चुकलेली बरी. तार खोटं बोलते आहे असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हवंहवंसं वाटलं.

"माळा काढ," ते म्हणाले.

"सगळा?"

"सगळा काढ. मला तार मोकळी दिसली पाहिजे."

शिट्टी क्षणभर वर बघत राहिला. मग "दाजी म्हणतात तर," असं म्हणून त्याने दोघा गवंड्यांना बोलावलं आणि अर्ध्या तासात फळ्या काढून पाचव्या मजल्याच्या जिन्यात रचून ठेवल्या. नवव्यापासून खड्ड्यापर्यंत आता काहीच नव्हतं. शिट्टी परत खाली उतरला, बादल्यांपाशी उकिडवा बसला आणि शिट्टी वाजवायला लागला. तार तिरकीच दिसत होती.

मग बाहेर काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला आणि खालचा आवाज बंद पडला.

मिस्त्रींनी एक ब्रॅकेट उचलून फळीच्या कडेला ठेवला. दोन किलोचा लोखंडी तुकडा. हत्यारांना दोरी असते, ब्रॅकेटला नसते, कारण तो भिंतीलाच जायचा असतो. भोकाची खूण बघायला त्यांनी मान वर केली.

शाफ्ट सुटला. चारही भिंती एकदम फिरायला लागल्या, वरचा उजेडाचा चौकोन पायाकडे आला, फळी उभी राहिली. मिस्त्रींनी काहीतरी धरायला हात फेकला आणि हाताला जे लागलं ते धरलं. ती तार होती. पोलाद तळव्यात रुतलं, ते गुडघ्यावर कोसळले, बेल्टने कंबरेला हिसका दिला, आणि त्यांच्याच पायाचा धक्का लागून ब्रॅकेट फळीवरून गेला.

तो पडल्याचा आवाज त्यांना मिक्सरमधूनही ऐकू आला. आधी भिंतीवर एकदा खणकन. मग खूप वेळ काहीच नाही. मग खाली एक बारीक, बोदा आवाज. लोखंड काँक्रीटवर पडलं तर वाजतं. हे वाजलं नव्हतं.

मिस्त्री फळीवर पालथे पडून राहिले. शाफ्ट अजून फिरत होता. "शिट्टी," ते ओरडले. मग त्याचं खरं नाव घेऊन ओरडले. मिक्सर आवाज गिळत होता. खाली बघायला मान वाकवली की सगळं दुप्पट वेगाने फिरे. जिन्यापर्यंत जायला तीन फळ्या ओलांडायच्या होत्या, आणि त्यांना हातही उचलवत नव्हता. भीती त्यांना आयुष्यभर ओळखीची होती, रोजचा चहा घ्यावा तशी त्यांनी ती रोज घेतली होती. पण ही ती नव्हती. ती स्वतःसाठी असायची. आता ते मेले असते तर त्यांना सोपं गेलं असतं, आणि ते मेले नव्हते.

नाकासमोर वीतभर अंतरावर तार होती, त्यांच्या रक्ताचा डाग लागलेली. त्यांनी सोडल्यापासून ती झुलत होती. ते तिच्याकडे बघत राहिले, कारण बघायला दुसरं काही जागेवर नव्हतं. झोके लहान होत गेले. खाली बादली आहे, तेल आहे, तार थांबणारच. तार थांबतेय हे बघून त्यांना रडू फुटलं. उभा जन्म ते या क्षणाची वाट बघत डब्यावर बसले होते, आणि आज तो येऊ नये असं त्यांना वाटत होतं.

तार थांबली.

आणि मग हलली. झोका नव्हे. खालून कोणीतरी ओढली होती. एकदा, हळू. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा. आठ वर्षांत ज्याने तारेला कधी बोट लावलं नव्हतं त्याने ती धरली होती. मिस्त्रींनी तोंड फळीवर टेकवलं आणि ते लहान मुलासारखे हुंदके देत राहिले. चक्कर केव्हा थांबली ते त्यांना कळलं नाही. गवंड्यांनी येऊन त्यांना बेल्टसकट उचललं.

शिट्टी जगला. मिस्त्रींनी वर तार धरली तेव्हा बादलीतलं वजन एकाएकी उसळलं आणि तेल तोंडावर उडालं, म्हणून तो दचकून भिंतीकडे सरला होता. ब्रॅकेट डोक्यावर यायचा तो उजव्या खांद्यावर आला. खांद्याचं हाड आणि गळ्याजवळचं हाड, दोन्हींचे तुकडे झाले. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. हात चालेल, पण खांद्याच्या वर जाईल असं आत्ता सांगता येणार नाही. लिफ्टच्या कामात हात बहुतेक वेळ खांद्याच्या वरच असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

मिस्त्रींच्या तळहाताला टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पडलात कसे? आता लपवायला काही राहिलं नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं, दादासकट. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पलंगावर आडवं केलं, मान उजवीकडे वळवली आणि त्यांच्या डोळ्यांत टक लावून बघितलं. खोली सुटली. मिस्त्रींनी पलंगाची कड धरली.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "कानाच्या आत बारीक कण असतात, तोल सांभाळायला. तुमचे जागेवरून सरकलेत. गाठबीठ काही वाटत नाही, तरी खात्रीसाठी फोटो काढू." मग त्यांनी मिस्त्रींचं डोकं एका बाजूला धरून ठेवलं, मग दुसऱ्या, मग त्यांना कुशीवर वळवलं, मग हळूच उठवून बसवलं. पुन्हा एकदा तसंच. "आता वर बघा."

मिस्त्रींनी वर बघितलं. छत होतं तिथेच होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "कधी कधी परत होतं, तर या. दहा मिनिटांचं काम आहे."

फोटोतही काही निघालं नाही. मिस्त्री तो कागद हातात घेऊन वॉर्डात गेले. शिट्टी औषधाच्या गुंगीत होता, खांदा पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेला. बायको त्याच्या पायाशी बसून होती. त्यांना बघून शिट्टीने डोळे किलकिले केले. "दाजी," तो पुटपुटला, "मी तारेला हात लावला. आवाज पोचेना म्हणून. आजची मापं गेली सगळी. रागावू नका."

मिस्त्रींना तिथे उभं राहवलं नाही. ते बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर सासूबाई एकट्याच होत्या. मांडीवर लेकाचा तेलाने माखलेला शर्ट, कापलेल्या बाहीसकट घडी केलेला.

"तुमचं काय निघालं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मिस्त्रींना माहीत होतं, आणि नवव्या मजल्यावरून खाली बघताना वाटली नसेल एवढी त्यांना त्या बाकासमोर भीती वाटली. "काही नाही, आई," ते म्हणाले. "कानातले कण सरकले होते. दहा मिनिटांत बरं केलं." मग एका दमात बाकीचं बोलून टाकलं. "मी काल तुमच्याशी खोटं बोललो. आठवडाभर गरगरत होतं. आज तार मोकळी होती, तो दोनदा सांगत होता मोकळी आहे म्हणून. तरी मी त्याच्या डोक्यावरचा माळा काढायला लावला. त्याच्याच हातांनी."

कॉरिडॉरमधून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काल तुम्ही ओळंब्याकडे मान वाकडी करून बघत होता. सरळ लटकलेल्या दोरीकडे वाकडी मान. बत्तीस वर्षं पोरांच्या माना बघितल्यात मी. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला कळलं होतं खोटं आहे." त्या शर्टाची घडी उलगडून पुन्हा घालायला लागल्या. "सकाळी तो डबा घेऊन निघाला तेव्हा मी दारात उभी होते. म्हणणार होते, आज जाऊ नकोस. मग वाटलं, बोलले तर तुमचं काम जाईल, लेकीच्या घरात काय वाढून ठेवलंय ते उघडं पडेल. तुमच्या दादाला मीही बघितलं होतं. म्हटलं, एक दिवस जाऊ दे, उद्या बोलू."

मिस्त्री त्यांच्या शेजारी बसले. आतून बायकोचा आवाज आला, शिट्टी जागा झालाय, आईला आणि दाजींना बोलावतोय.

सासूबाई उठल्या. मिस्त्रींनी आपला चांगला हात पुढे केला आणि त्यांनी तो घट्ट धरला.

"आधी मी सांगते," त्या म्हणाल्या. "मी त्याची आई आहे."